जेटचा प्रश्न ऑक्टेनने सुटत नाही

यामाहा आरएक्स १००, राजदूत ३५०, येझदी रोडकिंग, बजाज चेतक यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्या जिवापाड जपणारा मोठा वर्ग महाराष्ट्रात आजही आहे, आणि पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेल्यापासून या वर्गात तीन समजुती सिद्धान्ताच्या थाटात मांडल्या जाऊ लागल्या आहेत. पहिली अशी की, शंभर ऑक्टेनचे महाग पेट्रोल भरले म्हणजे जुनी टू-स्ट्रोक सुरक्षित राहते आणि जास्त ताकदही देते. दुसरी अशी की, पेट्रोल खराब असेल तर टू-टी ऑइलचे प्रमाण वाढवावे, म्हणजे पिस्टन वाचतो. आणि तिसरी अशी की, ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचे, पेट्रोल हे टू-स्ट्रोक इंजिनाला विष असून त्यावर कोणताच इलाज नाही. या तिन्हींच्या विरुद्ध टोकाला चौथी समजूत उभी आहे: वीस टक्के इथेनॉलने जुन्या गाडीत काहीच बिघडत नाही, तक्रारी केवळ अफवा आहेत. प्रस्तुत लेखात या चारही समजुतींचा प्रतिवाद केला आहे. टू-स्ट्रोक इंजिन जगते की मरते हे मुख्यतः त्याच्या सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन कोणत्या प्रमाणात पोहोचते यावर ठरते, ते प्रमाण कार्ब्युरेटरमधले जेट ठरवतात, आणि इथेनॉलमुळे त्या प्रमाणात पडणारा फरक मोजता येतो आणि दुरुस्तही करता येतो, हे या प्रतिवादामागचे मूळ प्रतिपादन आहे.

प्रमाणाला एवढे महत्त्व का, हे टू-स्ट्रोक इंजिनाच्या रचनेत दडलेले आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसमध्ये स्वतंत्र ऑइल साठवलेले असते आणि ते पिस्टनच्या भिंतीवर सतत उडत राहते. टू-स्ट्रोकमध्ये असा साठा नसतो. हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते, तिथे बेअरिंगांना आणि कनेक्टिंग रॉडला वंगण देते, पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णता काही अंशी उचलते, आणि मग ट्रान्स्फर पोर्टांतून वर जाऊन जळते. म्हणजे पेट्रोल येथे जळण्यापुरतेच कामाचे नसते. ते थंडावाही देते आणि ऑइलची वाहतूकही करते. ते कमी पडले की ज्वलनाचे तापमान वाढते आणि त्याच वेळी थंडावाही घटतो. मिश्रणात इंधन कमी पडणे, ज्याला मेकॅनिक लोक ‘लीन’ म्हणतात, हे फोर-स्ट्रोकमध्ये अनेकदा गाडी अडखळण्यावर निभावते, पण टू-स्ट्रोकमध्ये त्याचा शेवट पिस्टन सिलिंडरला चिकटण्यात, म्हणजे गाडी सीझ होण्यात होऊ शकतो.

हे प्रमाण ठरवणारे भाग मोजके आहेत आणि प्रत्येकाचे कार्यक्षेत्र ठरलेले आहे. आरएक्स १०० वर मिकुनीचा वीस मिलिमीटरचा, व्हीएम जातीचा कार्ब्युरेटर येत असे. राजदूत ३५० च्या दोन सिलिंडरांना दोन स्वतंत्र कार्ब्युरेटर होते. या जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये अॅक्सिलरेटर बंद असताना आणि साधारण पाव उघडेपर्यंत पायलट जेट व एअर स्क्रू यांचे राज्य असते. पाव उघड्या स्थितीच्या आसपास स्लाइडच्या तोंडाशी दिलेली तिरकी काप परिणाम करते. पाव ते पाऊण उघड्या स्थितीत स्लाइडला लटकलेली निमुळती सुई आणि ती ज्यात वरखाली होते तो नीडल जेट इंधन मोजतात. आणि पाऊण ते पूर्ण उघडल्यावर मेन जेट एकट्याने हुकूम चालवतो. सुईच्या माथ्याशी सहसा पाच खाचा असतात. क्लिप एक खाच खाली बसवली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रणात इंधन वाढते, म्हणजे ते ‘रिच’ होते. एअर स्क्रू बाहेर काढला की हवा वाढून मिश्रण लीन होते. एवढी चौकट ध्यानात ठेवली तरी पुढच्या चारही समजुतींचे वजन करता येते.

पहिली समजूत ऑक्टेनची. ऑक्टेन हा आकडा इंधनातली ताकद सांगत नाही. दाब आणि उष्णता वाढत असताना इंधन ठिणगीची वाट न पाहता स्वतःहून पेटण्याला किती विरोध करते, एवढेच तो सांगतो. संशोधन-ऑक्टेन मोजण्यासाठी दाब बदलता येणारे एक खास एकसिलिंडरी इंजिन मिनिटाला सहाशे फेऱ्यांवर चालवतात आणि इंधनाची वागणूक आयसो-ऑक्टेन व नॉर्मल हेप्टेन या दोन द्रवांच्या मिश्रणाशी ताडून पाहतात. पहिल्याला शंभर आणि दुसऱ्याला शून्य हे गुण १९२० च्या दशकात ठरवून दिलेले आहेत. ज्या इंजिनात ते अकाली पेटणे मुळात होतच नाही, त्याला जास्त ऑक्टेनचे इंधन देऊन काहीही मिळत नाही, कारण अडवायला समोर काही नसते. ताकद वाढवायची तर दाब वाढवावा लागतो किंवा ठिणगीची वेळ पुढे आणावी लागते. केवळ टाकी बदलून ती वाढत नाही.

यावर जाणकारांकडून एक आक्षेप घेतला जातो आणि तो दखल घेण्याजोगा आहे. आरएक्स १०० च्या माहितीपत्रकात दाबाचे प्रमाण सातास एकच्याही आत दिलेले असले, तरी जपानी कंपन्या ते प्रमाण एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यानंतरच्या उरलेल्या प्रवासावरून काढत, तर फोर-स्ट्रोकचे आकडे पिस्टनच्या पूर्ण प्रवासावरून काढलेले असतात. म्हणून दोहोंची थेट तुलना करणे चूक आहे, असा तो आक्षेप. तो बरोबर आहे. परंतु त्यातून शंभर ऑक्टेनची गरज सिद्ध होत नाही. आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली, आणि भारत स्टेज दोनच्या मानकापर्यंत आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ८८ च्या घरात होता. भारत स्टेज तीनमध्ये तो ९१ झाला, आणि ई-२० चे मानक ९५ चे आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन पेट्रोलहून बराच वरचा असल्याने हे घडते. म्हणजे ज्या इंधनाला ही मंडळी घाबरतात, त्याचा ऑक्टेन या इंजिनांच्या जन्मकाळच्या पेट्रोलहून जास्तच आहे. ऑक्टेन कमी पडतो म्हणून जुनी टू-स्ट्रोक बिघडते आहे, हे निदान त्यामुळे मुळातच उलटे ठरते. सिलिंडर हेड घासून दाब वाढवलेल्या शर्यतीच्या इंजिनाचा प्रश्न वेगळा. त्याला वरचा ऑक्टेन खरोखर लागतो. पण रोज कामावर जाणाऱ्या, मूळ अवस्थेतल्या गाडीला तो नियम लावणे म्हणजे पहिलवानाचा खुराक शाळकरी मुलाला वाढण्यासारखे आहे.

महाग पेट्रोलाचा एक लाभ मात्र खरा असू शकतो, तो म्हणजे त्यात इथेनॉल मिसळलेले नसणे. पण तो लाभ इथेनॉल नसण्याचा आहे, ऑक्टेनचा नव्हे, आणि तो पाटी वाचून गृहीत धरण्याऐवजी पडताळून पाहता येतो. शंभर मिलिलिटरचे खुणांचे काचेचे नळकांडे घ्यावे, मोकळ्या जागी, आगीपासून दूर, त्यात दहाच्या खुणेपर्यंत पाणी आणि त्यावर शंभरच्या खुणेपर्यंत पेट्रोल ओतावे, तोंड बंद करून ते चांगले हलवावे आणि काही मिनिटे स्थिर ठेवावे. पेट्रोल शुद्ध असेल तर पाणी पुन्हा दहाच्या खुणेवरच बसते. इथेनॉल असेल तर ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरते आणि खालचा थर फुगतो, ई-२० मध्ये तर तो दुपटीहूनही जास्त होतो. दोन थरांमधली ती रेघ कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते. साध्या पेट्रोलच्या सुमारे दीडपट भाव मोजण्यापूर्वी ही चाचणी एकदा तरी करून पाहावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

दुसरी समजूत ऑइल वाढवण्याची, आणि ती पहिलीपेक्षा अधिक घातक आहे, कारण तिच्यात काळजीचा आव असतो. येझदी किंवा जुन्या चेतकसारख्या, पेट्रोलातच ऑइल मिसळाव्या लागणाऱ्या गाडीत चाळीसास एकऐवजी वीसास एक असे प्रमाण केले, तर एक लिटर मिश्रणात पेट्रोल सुमारे ९७६ मिलिलिटरवरून ९५२ वर येते. जेटचे छिद्र तेवढेच असते. त्यातून जाणाऱ्या द्रवात जळणारे पेट्रोल अडीच टक्क्यांनी घटते, शिवाय द्रव घट्ट झाल्याने तो छिद्रातून किंचित कमीच वाहतो. परिणामी पिस्टनला वंगण वाढते, पण मिश्रण लीन होते. जेट न बदलता ऑइल वाढवणारा माणूस म्हणूनच एका हाताने वाचवतो आणि दुसऱ्या हाताने जाळतो. आरएक्स १०० मध्ये यामाहाची ऑटोल्यूब पद्धत आहे. तिचा पंप ऑइल थेट कार्ब्युरेटरच्या पुढे सोडत असल्याने जेटमधून जाणाऱ्या पेट्रोलवर त्याचा परिणाम होत नाही. पण तिथेही टाकीत ‘थोडे जास्तीचे’ ऑइल ओतण्याची सवय आढळते, आणि ती सवय वरचाच दोष घरात आणते. ऑइलचे प्रमाण उत्पादकाने सांगितलेले ठेवावे, ऑइल जासो एफसी किंवा एफडी दर्जाचे घ्यावे, आणि ऑटोल्यूब पंपाची वायर अॅक्सिलरेटरशी खुणेवर जुळलेली आहे की नाही हे पाहावे. वंगणाच्या बाजूने एवढे पुरेसे आहे.

आता तिसरी आणि सर्वांत लोकप्रिय समजूत. ई-२० पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूत सुरू झाले, आणि वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून पाच वर्षे अलीकडे आणले गेल्याने ते अल्पावधीत देशभर पोहोचले. उसावर, पाण्यावर आणि अन्नधान्यावर या धोरणाचे काय परिणाम होतात, हा महाराष्ट्रासाठी अत्यंत गंभीर प्रश्न आहे, परंतु त्याचे उत्तर इंजिनात शोधता येत नाही. इंजिनापुरता प्रश्न रसायनशास्त्राचा आणि बेरजेचा आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असल्याने एक किलो इथेनॉलला केवळ ९ किलो पुरते. वीस टक्के मिश्रणाला म्हणून साधारण १३.५ किलो हवा लागते. उलट बाजूने पाहिले तर, तेवढीच हवा आत येत असताना इंधन सुमारे नऊ टक्के जास्त हवे. ई-२० पेट्रोलपेक्षा किंचित जड असल्याने जेटमधून त्याचे वजन अगदी थोडे जास्त जाते. ते जमेस धरूनही तूट सात ते आठ टक्के उरते. गाडी आधीच दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर नीट जुळवलेली असेल तर ही तूट साधारण चार टक्केच असते.

ही तूट भरून काढणे म्हणजे जेटचा वाहता आकार आठ टक्क्यांनी वाढवणे. मिकुनीच्या षट्कोनी डोक्याच्या मेन जेटवरचा आकडा प्रवाह दाखवतो, म्हणून शंभर क्रमांकाच्या जागी एकशे साडेसात किंवा एकशे दहा पुरतो. जिथे आकडा छिद्राचा व्यास दाखवतो, तिथे व्यास चारच टक्के वाढवावा लागतो, कारण छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. या दोन पद्धतींतला फरक न ओळखता ‘दोन नंबर वर’ असा सरसकट सल्ला देणाऱ्यांनी अनेक गाड्या विनाकारण धुरकट केल्या आहेत. मधल्या टप्प्यासाठी सुईची क्लिप एक खाच खाली येते. पायलट जेटचे क्रमांक लहान असल्याने तिथली पुढची पायरी मोठी उडी ठरते, म्हणून बहुतेक गाड्यांत पायलट जेट तसाच ठेवून एअर स्क्रू पाव ते अर्धा फेरा आत घेणे पुरते.

सात-आठ टक्क्यांचा फरक म्हणजे नेमका किती, याची कल्पना महाराष्ट्राच्या भूगोलातून येते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे, आणि तिथली हवा मुंबईच्या तुलनेत बारा टक्क्यांच्या आसपास विरळ असते. हवेचे वजन घटते त्या प्रमाणात कार्ब्युरेटरमधून येणारे पेट्रोल घटत नाही, म्हणून घाट चढताना मिश्रण सहा ते सात टक्के रिच होते, आणि घाट उतरताना तेवढेच लीन. पुण्यात डिसेंबरच्या पहाटेचे दहा अंश आणि मे महिन्याच्या दुपारचे चाळीस अंश यांमध्येही याच कारणाने सुमारे पाच टक्क्यांचा फरक पडतो, आणि थंड, घट्ट हवेत मिश्रण लीन होते. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर जुळवलेल्या गाडीत ई-२० भरणे हे महाबळेश्वरात जुळवलेली गाडी जेट न बदलता मुंबईत पळवण्यासारखे आहे. हे दुर्लक्ष करण्याजोगे नाही, पण ज्या टू-स्ट्रोकने गेली चाळीस वर्षे घाट आणि ऋतू पचवले, तिच्यासाठी ते अघटितही नाही.

मग प्रत्यक्षात काही गाड्या ई-२० नंतर सीझ का झाल्या, असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर शिल्लकीच्या हिशेबात आहे. पूर्ण अॅक्सिलरेटरवर टू-स्ट्रोकला पूर्ण ज्वलनासाठी लागते त्यापेक्षा पंधरा-सतरा टक्के जास्त पेट्रोल देतात. जास्तीत जास्त ताकद आणि थंडावा त्याच प्रमाणात मिळतो. ई-२० ने त्यातले सात-आठ टक्के खाल्ले तरी निरोगी इंजिनाकडे आठ-नऊ टक्क्यांची शिल्लक राहते. परंतु ज्या गाडीचे क्रँकचे ऑइल सील पंचवीस-तीस वर्षांचे असून कडक झालेले आहेत, तिथे मॅग्नेटोच्या बाजूने हवा आत घुसत असते आणि ती हवा कोणत्याही जेटने मोजलेली नसते. अशा गाडीची दहा टक्के शिल्लक आधीच संपलेली असते, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. अॅक्सिलरेटर सोडल्यावर रेस खाली न येणे, ती तशीच वर रेंगाळणे, ही त्याची ठळक खूण. इंजिन ज्या कड्यावर आधीच उभे होते तिथून इथेनॉलने त्याला ढकलले, हे खरे. पण कड्यापर्यंत ते पोहोचले सडलेल्या सीलमुळे. दोष कोणाचा, हे यावरून ठरवावे.

सीझ झालेला पिस्टन हातात घेऊन नीट पाहिला तर तो स्वतःच साक्ष देतो. एक्झॉस्टच्या बाजूलाच भिंतीवर अॅल्युमिनियम पुसल्यासारखे ओढले गेले असेल, तर तो लीन मिश्रणाच्या उष्णतेचा मार आहे. चारही बाजूंनी जवळजवळ सारख्या अंतरावर उभे ओरखडे असतील, तर थंड इंजिन सुरू केल्या केल्या जोरात पळवले गेले आणि सिलिंडर गरम होण्यापूर्वी पिस्टन फुगला. सगळीकडून कोरडे, काळपट घासले गेले असेल तर ऑइल पोहोचलेच नाही. आणि पिस्टनच्या माथ्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी बारीक खड्ड्यांनी भरलेली असेल, तरच अकाली पेटण्याचा, म्हणजे ऑक्टेनशी संबंधित, विचार करावा. चार कारणे आणि चार निराळ्या खुणा असताना, पिस्टन उघडून न पाहताच ‘ई-२० ने गाडी गेली’ असा निवाडा देणे हे निदान नाही.

‘त्यावर इलाजच नाही’ या विधानाला इतिहासातूनही उत्तर मिळते. ब्राझीलने १९९३ च्या कायद्याने पेट्रोलात २२ टक्के इथेनॉल ठरवले, आणि त्याच देशात यामाहा आपली आरडी १३५ ही हवेने थंड होणारी, रीड व्हॉल्व्हची, कार्ब्युरेटरवरची टू-स्ट्रोक मोटरसायकल बनवून त्याच इंधनावर चालण्यासाठी विकत होती. भारतातल्या आरएक्स घराण्याशी तिचे यांत्रिक नाते अगदी जवळचे आहे. ज्या प्रमाणातले इथेनॉल येथे प्राणघातक म्हटले जाते, त्याच प्रमाणावर त्याच कुळीचे इंजिन दुसऱ्या देशात वर्षानुवर्षे चालले, ही वस्तुस्थिती ‘विष’ या शब्दाचा निकाल लावते.

परंतु येथेच चौथ्या समजुतीचाही समाचार घेतला पाहिजे. काहीच बिघडत नाही असे म्हणणारे बहुधा आधुनिक गाड्यांचा अनुभव जुन्या गाड्यांवर लादतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत एक्झॉस्टमध्ये प्राणवायूचा सेन्सर असतो, तो मिश्रण लीन झाल्याचे सांगतो आणि संगणक इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला डोळे नसतात, तो छिद्राच्या मापाएवढेच देतो. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातही शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्के इथेनॉलवर जुळवलेल्या दुचाकींची इंधनकार्यक्षमता ई-२० वर तीन ते चार टक्के घटेल असे म्हटले आहे, आणि इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असल्याने त्यात आश्चर्य नाही. याखेरीज पदार्थांचा प्रश्न आहे. जुन्या रबरी नळ्या, फ्लोटच्या सुईचे रबरी टोक, पेट्रोल कॉकचे वायसर आणि गॅस्केट इथेनॉलने फुगतात किंवा ठिसूळ होतात. फ्लोटची सुई अडकली की पेट्रोलची पातळी बदलते आणि मग कोणताही जेट खरा राहत नाही. टाकीला आतून लावलेले काही जुने लेप सुटून जाळीत साचतात. कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर ओलाव्याने पांढरी भुकटी चढते आणि ती पायलट जेटचे केसाएवढे छिद्र बुजवते. हे भाग व्हायटॉनसारख्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवण्याचा खर्च मालकावर येतो, आणि तो त्याच्या संमतीवाचून आला आहे, ही तक्रार न्याय्य आहे. शुद्ध पेट्रोल परवडेल अशा भावात पंपावर उपलब्ध ठेवावे, ही मागणीही न्याय्यच आहे. पण मागणी न्याय्य असली म्हणून तिच्यासाठी केलेले प्रत्येक यांत्रिक विधान खरे ठरत नाही.

पावसाळ्याचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडला पाहिजे, कारण ऑइल मिसळून चालणाऱ्या गाड्यांना खरा धोका तिथे आहे. इथेनॉल पाणी सामावून घेते, परंतु त्याची मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात आणि टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलात राहते. कॉक टाकीच्या तळाशी असल्याने इंजिनाला जो द्रव जातो त्यात वंगण जवळजवळ नसते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर झाकणाच्या झिजलेल्या रबरातून पावसाचे पाणी टाकीत शिरते, आणि तेच याचे प्रमुख कारण आहे. हवेतली आर्द्रता शोषली जाणे ही फार संथ क्रिया आहे. म्हणून झाकणाचे वायसर बदलणे, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोटची वाटी रिकामी करणे, आणि पावसाळ्यानंतर टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थर दिसतो का ते पाहणे, हे उपाय कोणत्याही बाटलीबंद रसायनापेक्षा उपयोगी आहेत.

शेवटचा प्रतिवाद एका जुन्या, प्रतिष्ठित नियमाचा करावा लागतो: प्लग चॉकलेटी दिसला म्हणजे मिश्रण बरोबर. हा नियम शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात घडला. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल आले, आणि ज्या साठलेल्या थराने प्लगला तो रंग येत असे तो त्याबरोबर फिका पडला. इथेनॉलने तो आणखी फिका पडतो. आजच्या इंधनावर प्लगच्या टोकाचा रंग पाहून जेट ठरवणारा मिश्रण गरजेपेक्षा रिच करून बसतो, मग सायलेन्सर काजळतो, वरच्या रेसला गाडी घुसमटते, आणि दोष पुन्हा इंधनाला जातो. मोठा जेट म्हणजे जास्त ताकद, ही समजूतही इथूनच पोसली जाते. गरजेपलीकडचा जेट ताकद खातोच.

योग्य रीत थोडी कष्टाची पण निश्चित आहे. आधी कार्ब्युरेटरचे तोंड आणि एक्झॉस्ट पोर्ट बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे सहा पीएसआय हवा भरावी आणि ती सहा मिनिटे टिकते का ते पाहावे. टिकत नसेल तर सील बदलल्याशिवाय जेटला हात लावू नये. एअर फिल्टर आणि सायलेन्सर मूळचेच ठेवावेत, कारण फिल्टरचा डबा काढला की सर्व हिशेब नव्याने मांडावे लागतात. मग मोठ्या जेटपासून सुरुवात करून खाली यावे, लहान जेटपासून वर जाऊ नये, म्हणजे चूक झालीच तर ती धुराच्या बाजूने होते, पिस्टनच्या नाही. नवा प्लग लावून, इंजिन गरम झाल्यावर, मोकळ्या रस्त्यावर पूर्ण अॅक्सिलरेटरने काही अंतर जावे, त्याच स्थितीत इंजिन बंद करून क्लच दाबावा आणि गाडी थांबू द्यावी. प्लग काढून भिंगातून आत, चिनी मातीचा सुळका जिथे लोखंडी कवचाला मिळतो त्या तळाशी पाहावे: तिथे बारीक करडी कडी उमटलेली असेल तर मेन जेट बरोबर आहे, कडीच नसेल तर तो लहान आहे, आणि कडी काळी, रुंद होऊन वर चढली असेल तर मोठा आहे. टोकाच्या रंगाला यात काही स्थान नाही.

अशा टू-स्ट्रोक गाड्या आता भारतात कोणी बनवत नाही. ज्या आहेत त्या जपणाऱ्यांच्या हातांवरच टिकणार आहेत, म्हणून त्या हातांना मिळणारा सल्ला खरा असणे महत्त्वाचे आहे. प्रत्येक मालकाने आणि प्रत्येक गॅरेजने गाडीगणिक एक साधे कार्ड ठेवावे आणि त्यावर मेन जेट, पायलट जेट, सुईची खाच, एअर स्क्रूचे फेरे, ऑइलचे प्रमाण, सील बदलल्याची तारीख आणि भरलेले पेट्रोल एवढ्या सात गोष्टी लिहाव्यात. पुढच्या वेळी गाडी अडली, तर महाग पेट्रोलाच्या पंपाकडे वळण्याआधी ते कार्ड काढावे आणि त्यातली कोणती नोंद बदलली आहे ते आधी तपासावे.